संत्री की रासबेरी

वडील आत वॉर्डात, आणि बाहेरच्या बाकावर दोन बहिणींच्या मधोमध वडिलांचे जुने शेजारी शिंपीबुवा कानकोंडे होऊन बसलेले.

"ताई, संत्री आणलीस? बाबांना शुगर आहे!"

"संत्र्यात क जीवनसत्त्व तुझ्या रासबेरीच्या दुप्पट असतं, बाईसाहेब."

"रासबेरीत साखर निम्मी, आणि तंतू किती जास्त!"

"आणि त्या बिया दातांत अडकतात, त्याचं काय?"

"बाबांची कवळी माझ्या पर्समध्ये आहे."

शिंपीबुवांनी हसू रुमालात दाबलं. तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

"आजोबांना आजपासून खायला परवानगी आहे. भूक लागलीय म्हणतात."

दोघी ताडकन उठल्या. थोरलीने डोळे पुसले.

"आधी तुझी रासबेरी दे. मला सोलायला वेळ लागेल."

"आण इकडे, दोघी मिळून सोलू."