ड्रिल मशीनला बोअरचा स्टार्टर

हसा तुमी, पण आधी ऐका. मांजरसुंब्याच्या भंगारातून जुनं, पट्ट्यावर फिरणारं उभं ड्रिल मशीन आणलं, घासूनपुसून पार नवं केलं. स्टार्टर तेवढा घरचाच जोडला, शेतातल्या बोअरच्या मोटारीचा. काल लाईट गेलती, म्हणून बिनधास्त पट्टा बदलायला पुलीत बोटं घातली. तेवढ्यात स्टार्टरात ‘टक’ झालं. लाईट आली की बोअर आपोआप चालू व्हावा म्हणून त्यात ऑटो बसवलेला, तो मी काढलाच नव्हता! ‘टक’ झालं की दमभरानं मोटार फिरणारच. हात ओढला आन् पट्टा गरकन फिरला.

वरडणं ऐकून बायको पळत आली. "काय झालं वो?"

मी बोटं मोजत म्हणलं, "लाईट आली."