त्रिंबकबुवांची फाटलेली पुडी

मंडळी, एक सांगा — माणूस बहिरा होतो तो कानानं, की जिभेनं? हसताय? हसा! आख्यान संपेपर्यंत हसू टिकलं, तर मी हरलो.

एका गावात महादेवाचं देऊळ. तिथले त्रिंबकबुवा गुरव पखवाज असा सुरात लावायचे, की गाणारे म्हणत, "पेटी नसली तरी चालेल, बुवा हवेत!" बुवांनाही तेच वाटे — कान म्हणजे आपला! बाकीच्यांना नुसत्या पाळ्या!

आणि भक्ती केवढी! सोमवार, प्रदोष, एकादशी — एक उपास चुकायचा नाही. उपास म्हणजे काय? ताटभर साबुदाणा वडे, तुपात निथळणारी खिचडी, वर सायीचं दही! देवही म्हणाला असेल — अरे, हा माझ्यासाठी उपाशी राहतोय, की माझ्या नावावर जेवतोय?

सूनबाई कुसुम एकदा म्हणाली, "मामंजी, आज भगर नि ताक चालेल का?"

"काय पुटपुटतेस? नीट बोल!"

"भगर, मामंजी!"

"ओरडतेस कशाला? मी बहिरा आहे काय!"

घ्या! हळू बोललं तर पुटपुटणं, मोठ्यानं बोललं तर उद्धटपणा! बुवांना खरंच वाटे, जगानंच आवाज खाली घेतलाय. चिमण्या गप्प झाल्यात, पेटीवाला शंकर हलक्या हातानं वाजवतो. आपले कान? छे!

एकदा गावच्या डॉक्टरीणबाईंनी बुवांचं रक्त तपासलं. चरबी वाढलेली! त्या म्हणाल्या, "बुवा, कानही तपासू या." बुवा फणकारले, "रक्त काढलंत दंडातलं, कानाचं काय घेऊन बसलात?"

आता मी काही वैद्य नव्हे. पुस्तकात वाचलेलं भीत भीत सांगतो, चुकलं तर पदरात घ्या. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं असतं. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी. त्यांना रक्त पोचवणारी वाट एकच, दोऱ्याएवढी! रक्तात चरबी माजली, की ती वाट अरुंद होऊ शकते, आणि दुसरी वाट नाही. मग पेशी उपाशी मरतात. म्हणजे पाहा — बुवा जेवत होते, आणि खरा उपास घडत होता कानाला! मेलेली पेशी परत उगवत नाही. आधी जातात ते बारीक, उंच सूर. वयानंही जातात, म्हणा. पण म्हातारपण दारात उभं असताना मागचं दार चोराला उघडं ठेवायचं काय?

महाशिवरात्र आली. देऊळ भरलं. बुवांनी थाप मारली — थापेमागं घुमत राहणारी ती बारीक आस ऐकूच येईना! "बद्द आहे!" म्हणाले, हातोडी उचलली, पुडीच्या, म्हणजे पखवाजावर ताणलेल्या कातड्याच्या, काठावर ठोका घातला.

शंकर म्हणाला, "लागला, बुवा!"

"तू पेटी बडव!"

पुन्हा ठोका. बायकांतून कुसुम उठली, "मामंजी, पुरे! चढलाय सूर!"

"आता सून शिकवणार गुरवाला?"

आणखी एक ठोका — फट्‌! पुडी उभी फाटली!

तो आवाज मात्र ऐकू आला हो! फाटक्या कातड्यावर हात ठेवून बुवा बसले. त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं — शंकर हलका वाजवत नव्हता. चिमण्याही गप्प नव्हत्या.

काय, थांबलं हसू?

गेलेले सूर परत आले नाहीत, मंडळी. या आख्यानात देव प्रकट होत नाही! डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "उरलंय ते राखू या." वडे सुटले, चालणं आलं, गोळी आली, कानात यंत्र बसलं. पुढच्या शिवरात्रीला बुवांनी नवी पुडी चढवली, हातोडी धरली, आणि सगळ्या देवळादेखत मान वळवून विचारलं, "सूनबाई, बघ गं. लागला का?"

"अजून एक ठोका, मामंजी."

हळूच बोलली ती. बुवांनी एकच ठोका दिला आणि हातोडी खाली ठेवली.

आणि तुम्ही! मागे कढई चढली, वास आला, तशा निम्म्या माना तिकडे वळल्या! नाकं शाबूत आहेत, आनंद आहे! पण घरी कोणी तरी सांगतंय — रक्त तपासा, तळलेलं आवरा, टीव्हीचा आवाज कमी करा — ते माणूस पुटपुटतं, असंच अजून वाटतंय ना?

म्हणा, हर हर महादेव! अंहं — हळू म्हणा. आणि शेजारच्याचं ऐकू आलं का, ते बघून मग पंगतीला बसा.