सगळी नावं माझीच

सुनंदा माझ्याशी का बोलत नाही, विचारता ना? ऐका मग. जालन्याला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघींत मिळून एक प्रोजेक्ट होता, दोन कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायला लावायचं. विचारणारा भाग, म्हणजे क्लायंट, माझ्याकडे. उत्तर देणारा सर्व्हर तिच्याकडे. कुणी काय केलं ते कळावं म्हणून सरांचा नियम होता: माझ्या प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्याच्या, नावाआधी ‘क्लायंट’, तिच्या ‘सर्व्हर’. मार्कही त्यावरूनच.

परीक्षेच्या सकाळी माझ्या फाइलमध्ये दोन-चार ठिकाणी ‘सर्व्हर’ दिसलं, तिच्या फाइलवरून उतरवताना राहिलेलं. घाबरून मी सगळीकडं एकदमच ‘सर्व्हर’चं ‘क्लायंट’ करून टाकलं. त्याच कॉम्प्युटरवर तिचीही फाइल उघडी होती, तिच्यातलंही बदललं, हे ध्यानातच आलं नाही.

प्रोग्राम बराबर चालला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रोग्राम छापलेले कागद चाळले.

“सगळंच क्लायंट. मग या दुसऱ्या मॅडम वर्षभर चहा पीत होत्या का?”

सुनंदानं कागद पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं.

“माझं काहीच न्हाई सर,” ती म्हणाली. “नावंच सांगून राह्यलीत.”

परीक्षकांनी तिच्यापुढं शून्य लिहिलं, आणि ते लिहून होईपर्यंत मी गप्प उभी होते.