आम्रपाली सिस्टरला डोळ्यांचा वॉर्ड हवा होता

...आणि वर म्हणते काय, तर "सिस्टर, तुमचा हात केवढा कडक, माझा दात हलला!" आता बोला! म्हणजे चावलं कोणी, तर हिनं, पेशंटनं. कोणाला, तर आमच्या आम्रपालीला. मनगटाच्या वर अख्खी बत्तिशी उमटलेली, कवळी करायला माप घ्यावं तशी... आणि तक्रार कोणाची, तर चावणारीची! आणि आम्रपाली? गप्प!

नाही, तुम्हाला सांगते, आम्रपाली ही गप्प बसणारी बाई असती तर मी सांगायला आलेच नसते. मी योगिनी, तिच्याच ड्यूटीची सिस्टर. इथे रत्नागिरीत बाळंतपणाच्या वॉर्डात आम्ही दोघी इतकी वर्षं मार खातोय की घरी पाठ दुखली तर नवरा विचारतो, आज कुठल्या गावची होती? आम्रपाली मूळची गुहागरची. आवाज असा, की लेबर रूममधून आयाला हाक मारली तर बाहेरचा रिक्षावाला मीटर टाकतो. अशी बाई गप्प का? तर तिला डोळ्यांचा वॉर्ड हवा होता. का हवा होता, काय विचारता? तिथे मोतीबिंदूवाले आजी-आजोबा, डोळ्याला पट्टी, कोणी हात उगारलाच तरी नेम लागत नाही! आणि मेट्रनबाईंनी सांगून ठेवलेलं, हा महिना तुझ्याविरुद्ध आवाज चढवल्याची एकही तक्रार आली नाही, तर पहिल्या तारखेपासून तू डोळ्यांना. हल्ली पेशंटशी गोड बोलायचं असतं ना, ट्रेनिंग झालं आमचं, चहा-बिस्कीट देऊन.

आता गोड बोलायचं कोणाशी, ते ऐका. दापोलीच्या एक शिक्षिका होत्या, कळा सुरू झालेल्या, पर्स खांद्याला लावून उठल्या आणि म्हणाल्या, मी घरी जाऊन येते, बाळ झालं की फोन करा. अडवलं तर पर्सच घातली डोक्यात! दुसरीनं आम्रपालीचा अंबाडा पकडला आणि विचारलं, हे परत आत घालता येईल का? तिसरी म्हणाली, दुखेल म्हणालात, एवढं दुखेल असं का नाही म्हणालात... आणि स्टीलचा पेला भिरकावला, पाण्यासकट, कपाळावर हे टेंगूळ! आणि आम्रपाली? गप्प! टेंगळावर बर्फ चोळत मला म्हणते, योगिनी, डोळ्यांच्या वॉर्डात थेंब घालायचे आणि पुढे जायचं गो, थेंब घालायचे आणि पुढे जायचं...

तर महिना संपत आला आणि ही आली. मनस्वी. हातखंब्याच्या पलीकडच्या वाडीतली, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण खरं माहेरी व्हायचं, पण हिच्या माहेरी वहिनीचीही तीच वेळ, म्हणून सोबत आली सासू, तुळसाबाई. नवरा दीपक मुंबईला, भांडुपला कंपनीत. तो निघाला होता म्हणे, पण निघाला म्हणजे पोचला असं आहे का आपल्या हायवेला? आणि मनस्वीला तर नवरा हवाच होता. जवळ बसायला नाही, मारायला! आम्रपालीनं सांगितलं, चिपळूण सोडलंय गो त्यानं, येतोय. तर म्हणते, "तो येईपर्यंत राग जाईल माझा. सिस्टर, जरा दोन मिनिटं दीपक व्हा ना, उंचीला तशाच आहात तुम्ही."

आणि कळ आली की सणसणीत कानाखाली! ही दीपक प्रत्येक गोष्ट आधी आईला विचारतो म्हणून, ही गणपतीत सुट्टी मिळाली नाही म्हणून, आणि ही लाथ... लाथ कशाबद्दल ते तिलाही आठवेना, पण लाथ बसली, पोटात, आम्रपाली मागच्या ट्रेवर, चिमटे-कात्र्या सगळं खाली! चावली तीही तेव्हाच. मी म्हटलं, अगो तू बाजूला हो, मी उभी राहते. तर मनस्वी मला खालपासून वर बघून म्हणते, या नकोत, या बुटक्या आहेत. दीपकचा मार आम्रपालीनं खाल्ला. आणि बोलली काय? काही नाही. गप्प!

आता सासू. हल्ली एक बाई सोबत आत सोडतात. तुळसाबाईंच्या घरी रीत अशी, की बाई अडली की घरात एक गाठ, एक कुलूप, एक झाकण बंद ठेवायचं नाही. सगळं मोकळं केलं की बाई मोकळी होते. ठीक आहे, श्रद्धा असते माणसाची. आधी सुनेचे केस सोडले, बरं. स्वतःचा अंबाडा सोडला, बरं. मग मागून येऊन आम्रपालीच्या एप्रनची नाडी सोडली! माझा मास्क सोडला! औषधांचं कपाट उघडलं, खिडक्या उघडल्या, बेसिनचा नळ सोडला. मग सासऱ्यांना, सहदेवबाबांना, फोन लावला, स्पीकर मोठा करून... पेट्या उघडा, भाताच्या कणगीचं झाकण काढा, बैलाचं दावं सोडा. बाबांनी सोडलं की! बैल गेला शेजारच्या बाबल्याच्या कुंपणातून भाजीत, बाबल्या आला दांडका घेऊन, आणि इकडे लेबर रूममध्ये आम्ही सगळे ऐकतोय, दांडका कोणाच्या पाठीत बसला, बैलाच्या की बाबांच्या, हे काही कळेना.

आणि या सगळ्यात, तुम्हाला सांगते, एक गोष्ट खरंच वाईट चालली होती. मनस्वीच्या पोटावर पट्टा बांधलेला, त्या मशीनमधून बाळाचे ठोके ऐकू येतात, टक टक टक टक. ते मध्येच मंद व्हायचे, परत यायचे. डॉक्टर शेजारी ऑपरेशनमध्ये अडकलेले, त्यांना मी दोनदा निरोप दिला होता. बाळाचं डोकं अगदी दाराशी आलेलं, दोन जोर लावले की झालं, आणि ही बया जोर लावायचा सोडून पाय आवळून बसली! म्हणते, मी दमले, उरलेलं उद्या करू. आम्रपाली गोड आवाजात सांगत्येय, बाळा, जोर लाव, राणी, जोर लाव... आणि एकदम मशीन बंद. टक नाही, टिक नाही. काही नाही.

आम्रपालीचा चेहरा मी पाहिला हो. पांढरा पडला. तिला वाटलं, गेलं. आपण गोड बोलत बसलो आणि बाळ गेलं. मग जी काही ती ओरडली... शिव्या मी सांगत नाही, इथे मोठी माणसं बसलीयेत, पण दीपकचं खानदान, भांडुपची कंपनी, मेट्रनबाई, ट्रेनिंगचं चहा-बिस्कीट, कोणाला म्हणून सोडलं नाही! आणि शेवटी मनस्वीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन,

"सकाळपासून जो जोर माझ्या थोबाडावर काढलास ना भवाने, तो खाली लाव!"

आणि मनस्वीनं लावला. भीतीनं लावला, रागानं लावला, देव जाणे, पण असा लावला की दुसऱ्या मिनिटाला मुलगी आम्रपालीच्या हातात. आणि रडली हो! अशी रडली, की आम्रपालीही रडली, मीही रडले. मग आम्रपालीनं मागे वळून बघितलं, तर तुळसाबाई उभ्या, हातात तो मशीनचा पट्टा. म्हणतात, हा एवढाच बांधलेला राहिला होता, मी सोडला. ठोके बंद पडलेच नव्हते हो! म्हातारीनं पट्टा सोडला होता! आम्रपाली मटकन स्टुलावर बसली. मारावं की पाया पडावं, तिला कळेना.

तेवढ्यात तुळसाबाई तरातरा मेट्रनबाईंच्या केबिनकडे. संपलं! शिव्या तर सगळ्या मजल्यानं ऐकलेल्या. आम्रपाली मला म्हणाली, गेला गो माझा डोळ्यांचा वॉर्ड. मी म्हटलं, जाऊ दे, पोर जगली ना. तर म्हणते, ते आहेच, पण मी चष्मासुद्धा नवीन केला होता... आणि हुंदका आला तिला.

दोघी दाराशी जाऊन कान देऊन उभ्या. आत तुळसाबाई सांगतायत, बाईसाहेब, एवढ्या सिस्टर बघितल्या, पण अशी शिव्या देणारी बघितली नाही. सख्ख्या आवशीसारखी ओरडली हो माझ्या सुनेवर, म्हणून पोर आली. हिला इथून हलवू नका, माझी धाकटी सून दिवाळीत मोकळी व्हायची आहे. आणि मेट्रनबाई, ज्या आयुष्यात कोणाला बरी म्हणाल्या नाहीत, त्या म्हणतात, अहो, एवढी चांगली सिस्टर मी डोळ्यांना कशाला देऊ!

म्हणजे तक्रारीनं नाही हो, कौतुकानं गेला वॉर्ड! आणि परवा ती धाकटी सून तपासणीला आली, जावेबरोबर. चांगली उंच, धिप्पाड. मनस्वी तिला आम्रपालीसमोर उभी करून सांगते, हिलाच धर हो, नवीन सिस्टरला मारायला संकोच वाटतो.

आम्रपालीनं त्या धाकटीच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "येताना नखं तेवढी कापून ये."