खालून कापलेली ओळ

(स्वयंपाकघरातलं टेबल. दुपारचे सव्वाचार. ताईसमोर कालचं वर्तमानपत्र आणि मोबाइल. समोर तिचा धाकटा भाऊ. आतल्या खोलीत तिचा नवरा पडलेला. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजीच म्हणतात.)

ताई: अरे पण दोन्ही खरं कसं असेल? तूच सांग. हा मोबाइल म्हणतो, डायलिसिस केंद्रात एकाचा रक्त गाळायचा फिल्टर दुसऱ्याला लावतात. हा पेपर म्हणतो, इतकं स्वच्छ केंद्र शोधून सापडायचं नाही. आणि उद्या सकाळी सातला मला ह्यांना त्याच केंद्रात नेऊन बसवायचंय.

धाकटा: हळू बोल. भाऊजी झोपलेत ना?

ताई: झोपलेत. कालपासून अंगात कणकण आहे, दिवसभर पडूनच आहेत. आणि मला पाचच्या आत फोन करायचाय. नदीपलीकडच्या केंद्रात एक जागा झालीय, तिथल्या बाईंनी पाचपर्यंत धरून ठेवलीय. हो म्हटलं की इथली जागा गेली. तिकडे जायला दीड तास, यायला दीड तास, आठवड्यातून तीनदा. डायलिसिस झाल्यावर ह्यांना दोन जिने चढवत नाहीत रे!

धाकटा: मग इथेच ने.

ताई: नेऊ? तुझ्या पेपरवर विश्वास ठेवून नेऊ?

धाकटा: माझा पेपर काय गं. मी पानं लावतो. बातम्या लिहिणारे वेगळे, मी फक्त त्या पानात बसवतो.

ताई: बावीस वर्षं बसवतोयस. आपल्या घरात दुसरा पेपर येत नाही. लग्नाआधी मी तुला हाच पेपर वाचून दाखवायचे, शब्दकोड्यासकट. आणि ही वेबसाइट कोण? दोन बायका आणि एक माणूस. ऑफिस म्हणे कुठल्याशा शिवणक्लासच्या वर आहे.

धाकटा: वाचलंस का सगळं?

ताई: तीनदा वाचलं. संपता संपत नाही. चित्र नाही, चौकट नाही, नुसतं लिहिलंय. कुठल्या तारखेला कोणाला भेटलो, केंद्राला कधी प्रश्न पाठवले, त्यांनी किती दिवस उत्तर दिलं नाही. आणि ऐक, ही गंमत ऐक. 'यामुळे नेमक्या किती रुग्णांना त्रास झाला, हे आम्हाला कळू शकलेलं नाही.' अरे, कळलं नाही तर छापता कशाला?

धाकटा: हं.

ताई: पुढे तर कहरच आहे. खाली लिहिलंय, 'गेल्या महिन्यातल्या आमच्या बातमीत एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त केली आहे.' म्हणजे चुकतात, आणि वर चारचौघांत सांगतात! तुझ्या पेपरात चूक झाल्याचं मी आजवर एकदाही वाचलं नाही.

धाकटा: होतात गं चुका. छापत नाही.

ताई: काय?

धाकटा: काही नाही. तू काय ठरवलंस?

ताई: ठरवता येत असतं तर तुला कामावरून बोलावलं असतं का? डोक्याचा नुसता भुगा झालाय. वेबसाइट वाचली की वाटतं, उठावं आणि ह्यांना घेऊन पळावं. पेपर वाचला की वाटतं, उगाच कशाला घाबरायचं. शेजारची म्हणते, सगळेच खोटं बोलतात, काही वाचूच नका. तेही पटतं. मला सगळ्यांचंच पटतंय, हीच पंचाईत आहे. शेवटी म्हटलं, आपला भाऊ आहे त्या पेपरात, मग शंका कशाला. काल सकाळी कात्रण ग्रुपवर टाकूनही दिलं.

धाकटा: कुठल्या ग्रुपवर?

ताई: डायलिसिसवाल्यांच्या. बत्तीस घरं आहेत. परवा वेबसाइटवर ते आल्यापासून सगळे हवालदिल झाले होते. मी लिहिलं, 'माझा भाऊ याच पेपरात आहे. खात्रीची बातमी आहे. निर्धास्त जा.' सगळ्यांनी हात जोडले.

धाकटा: ताई! मला विचारायचंस तरी!

ताई: तुला काय विचारायचं? छापलेलं आहे ना? हे बघ. पान पाच, तीन कॉलम. 'रुग्णसेवेत शुद्धतेचा नवा मानदंड.'

धाकटा: ती बातमी नाही.

ताई: मग काय आहे? पाककृती?

धाकटा: जाहिरात आहे. केंद्रवाल्यांनीच लिहून पाठवलेला मजकूर आहे तो. त्यांनी जागा विकत घेतली होती.

ताई: उगाच काहीतरी सांगू नकोस. जाहिरातीला चौकट असते, फोन नंबर असतो. हे बातमीसारखं दिसतंय.

धाकटा: बातमीसारखं दिसावं म्हणूनच तर देतात. फक्त शेवटी बारीक अक्षरात एक ओळ टाकायची असते. 'हा मजकूर जाहिरातदाराने पुरवला आहे.' तेवढी टाकली की पेपर मोकळा.

ताई: कुठाय ती ओळ? मला चष्म्यातूनही दिसत नाही.

धाकटा: नाहीये.

ताई: का नाहीये?

धाकटा: मी कापली.

ताई: तू?

धाकटा: मुद्दाम नाही गं! मजकूर एक ओळ जास्त होत होता, पान छपाईला सोडायला चार मिनिटं होती. बातमी जास्त झाली की आम्ही खालून कापतो. पहिल्या दिवसापासून तेच शिकवलंय, महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली. कात्री नेहमी खालून. बावीस वर्षं खालून कापतोय, हात आपोआप जातो. पान गेलं. दुसऱ्या दिवशी घरी बघितलं तेव्हा कळलं.

ताई: मग सांगितलंस का कोणाला?

धाकटा: साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तक्रार आली तर बघू.

ताई: मग आली का तक्रार?

धाकटा: कोण करणार? केंद्रवाले तर खूशच असतील.

ताई: शाब्बास! आणि मी बत्तीस घरांना सांगून बसले, खात्रीची बातमी. आता कुठे तोंड लपवू? आणि समोर बसून मघापासून म्हणतोयस, इथेच ने!

धाकटा: कारण मला खरंच माहीत नाही, ताई. पेपरातली जाहिरात आहे म्हणून वेबसाइट खरी ठरत नाही ना. त्यांनीही कोणाचं तरी ऐकून लिहिलं असेल. 'एका वयस्कर रुग्णाने सांगितलं.' कोण हा रुग्ण? ना नाव, ना गाव. असा रुग्ण मीही टेबलावर बसून दहा बनवीन.

ताई: तेच मला खटकतं. मी तिथे चार वर्षं बसतेय बाहेर. एकूण एक पेशंट मला माहीत आहे. असं बारकाईने बघणारा तिथे कोण आहे? सगळे तर डोळे मिटून पडलेले असतात.

घड्याळजी: मी नाही मिटत.

ताई: अगंबाई! उठलात कशाला? बसा, बसा आधी. पाणी देऊ का? अर्धाच पेला हं.

घड्याळजी: पाणी नको. तो रुग्ण मी आहे.

ताई: कोण रुग्ण?

घड्याळजी: त्या वेबसाइटवाल्या बाईने लिहिलेला. वयस्कर मात्र तिने तिच्या मनाने घातलंय. मी चौसष्ट सांगितलं होतं.

धाकटा: भाऊजी, तुम्ही बोललात त्यांच्याशी?

घड्याळजी: सहा वेळा. ग्रंथालयात.

ताई: तुम्ही ग्रंथालयात बुद्धिबळ खेळायला जात होतात!

घड्याळजी: पहिले दोन गुरुवार खेळलो.

ताई: देवा रे. मला चक्कर येतेय. अहो, तुम्ही बघितलंत काय नेमकं?

धाकटा: थांब, त्यांना सावकाश सांगू दे.

घड्याळजी: प्रत्येकाचा फिल्टर वेगळा असतो. धुऊन पुन्हा त्यालाच लावतात, म्हणून वर नावाची चिकटपट्टी असते. माझ्या नावाच्या पट्टीची कड जाड दिसली. जन्मभर बारीक कामच केलंय मी, अशी कड मला कळते. नखाने उचलली. खाली दुसरी पट्टी होती, दुसऱ्याच्या नावाची.

धाकटा: मग तुम्ही काय केलंत?

घड्याळजी: तिथल्या मुलीला विचारलं. ती रडायला लागली. म्हणाली, काका, मला विचारू नका, वरून सांगतात. त्या दिवशी नवा फिल्टर काढून दिला मला. मग या बातमीदार बाईंचा नंबर मिळाला, ग्रंथालयातल्या फळ्यावर होता. वाटलं, सांगितलं की झालं, दुसऱ्या दिवशी छापतील. कसलं काय! म्हणाली, तुम्ही एकट्याने सांगून मी छापणार नाही. चार महिने लावले. आणखी दोघांना शोधलं, फिल्टर किती विकत घेतले त्याचे कागद मिळवले. मला फोन करून विचारायची, पट्टी डाव्या हाताने उचललीत की उजव्या? मी वैतागलो होतो. एकदा तर म्हटलं, बाई, मी साक्षीदार आहे की आरोपी?

ताई: आणि हे सगळं होत असताना मी दर वेळी तुम्हाला तिथे पोचवत होते! मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?

घड्याळजी: सांगितलं असतं तर तू केंद्रात जाऊन भांडली असतीस.

ताई: असतेच! टेबलावर हात आपटून भांडले असते!

घड्याळजी: मग कोणी बोललं ते दोन मिनिटांत कळलं असतं. त्या मुलीची नोकरी गेली असती, आणि तिघांपैकी बाकीचे दोघे गप्प झाले असते. न जाऊनही चालत नव्हतं. चार दिवस चुकवले तर अंगात पाणी भरतं. मी आपला दरवेळी पट्टी बघून घेत होतो.

ताई: म्हणजे तिथे जाणं धोक्याचंच आहे. ठरलं तर मग.

घड्याळजी: ते मला माहीत नाही. बातमी आल्यापासून सुधारले असतील. नसतीलही. आणि माझी ही कणकण त्याचीच आहे की साधी आहे, तेही माहीत नाही.

ताई: तुम्हालाही माहीत नाही? अरे, या घरात कोणाला काही धड माहीत आहे का?

धाकटा: ताई, पाचला वीस कमी आहेत. तो फोन कर आधी. मी नेईन रिक्षाने, बसने कशाला. सकाळची पाळी बदलून घेतो.

घड्याळजी: माझी सोय होईल रे. बाकीच्यांचं काय? मी आतून ऐकलं. ते बत्तीस जण हिच्या शब्दावर उद्या डोळे मिटून तिथे जाऊन बसतील.

ताई: मी लिहिते आत्ता. काय लिहू? 'माझं चुकलं'?

घड्याळजी: तुझं लिहिशील तेवढ्याने भागायचं नाही. कात्रण याच्या पेपराचं आहे. याने सांगायला हवं.

धाकटा: भाऊजी, ग्रुपवरून ते कुठेही जाईल. साहेबांपर्यंत पोचलं तर मला घरी बसवतील.

घड्याळजी: बसवतील कदाचित. मी जबरदस्ती नाही करणार.

ताई: मी करणार! फिल्टरमधून जाणारं रक्त माणसांचं आहे रे. धर हा मोबाइल. ते बटण दाबून बोल. आणि आज खालून काहीएक कापायचं नाही.

धाकटा: थांब गं, श्वास तर घेऊ दे... नमस्कार. मी ताईंचा भाऊ. पेपरात पानं लावतो. काल तुम्हाला आलेलं कात्रण बातमीचं नाही. ती केंद्राने दिलेली जाहिरात आहे. तसं सांगणारी ओळ शेवटी होती, ती माझ्या हातून कापली गेली. वेबसाइटवरचं सगळं खरंच आहे असं मी म्हणत नाही, मी तपासलेलं नाही. पण त्यांनी चार महिने तपासलंय, आणि आम्ही काहीच तपासलेलं नाही. उद्या तुमच्या फिल्टरवरची पट्टी स्वतः बघा, नवा मागा. एवढंच. चुकलं माझं.

ताई: गेला मेसेज?

धाकटा: गेला. दोघांनी ऐकलासुद्धा. तिसऱ्याने... ताई, फोन!

ताई: करतेय, करतेय. हॅलो, बाई, हो, मीच. हो, ती जागा आम्हाला हवी आहे. उद्या आठला? येतो. नक्की येतो.

धाकटा: मी निघतो. साहेबांना मीच आधी सांगतो, दुसऱ्याकडून कळायला नको. सकाळी साडेसहाला खाली येतो, भाऊजी.

घड्याळजी: सावकाश जा.

ताई: गेला बिचारा. चहाही विचारला नाही मी त्याला... अहो, एक सांगाल? त्या परक्या बाईला सहा गुरुवार सगळं सांगितलंत. भांडणाचं ठीक आहे. पण तुम्ही घाबरला होतात, एवढं तरी मला सांगता आलं असतं.

घड्याळजी: तू रोज विचारायचीस, 'आज बरं वाटतंय ना?' मी म्हणायचो, हो.

ताई: मग ती काय विचारायची?

घड्याळजी: ती वही उघडायची आणि म्हणायची, आत गेल्यावर पहिल्यांदा काय दिसतं? मग गप्प बसायची. मला आठवेपर्यंत.

ताई: ...बरं. मी बसले. सांगा. आत गेल्यावर पहिल्यांदा काय दिसतं?

घड्याळजी: काचेतून तू दिसतेस. बाकावर पेपर वाचत बसलेली.