सासूबाईंचं विरजण

पोटाच्या डॉक्टरांकडे नंबर यायचा होता. थोरल्या बाई सुनेशेजारी ताठ बसल्या होत्या. दुसऱ्याचं ऐकू नये म्हणतात, पण कान काय घरी काढून ठेवायचे? मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या, मधे त्यांची म्हातारी गप्प.

“वहिनी, आई मला अजून ओळखत नाही. नुसत्या चहा-बिस्किटांवर ठेवतेस की काय?”

“वन्सं, जिभेला हाड असू द्या. पोट सुधारलं तर डोक्यालाही बरं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून पालेभाजी, डाळ, घरचं दही, सगळं करते. विरजणही आईंचंच, त्यांच्या लग्नापासूनचं.”

“मग खाते का?”

“एक चमचा त्या खातात, दुसरा मला भरवतात. मी नको म्हटलं की तोंड मिटून बसतात.”

“काही आठवायला लागलं?”

“त्यांना नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही नापास झालात, तेव्हा धान्याच्या पिंपात लपला होतात. आईंनी बाहेर काढून वेणी घातली आणि बाबांना कळू दिलं नाही.”

“हे तुला कुणी सांगितलं? आईनं शपथ घेतली होती!”

“कुणीच नाही. दही खाताना आठवलं.”

“वहिनी, असली चेष्टा नको.”

“रडू नकोस, चिमणे. इकडे ये, वेणी सुटलीय बघ.”

आवाज भावजयीचाच होता.

थोरल्या बाईंच्या सुनेनं दह्याचा डबा उघडला. “खाऊन घ्या, सासूबाई. उरलेलं रोजच्यासारखं मी संपवते.”

थोरल्या बाईंनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“आज काही उरायचं नाही.”