गच्चीवरची बोलणी

माझं लग्न कसं जमलं, ते तुला सांगितलंच नाय ना? ऐन संक्रांतीला पडेगावचे पाहुणे मला बघायला आले. आईनं बजावलं होतं, "तिशी आली तुझी, आज तरी पतंग नको." चहा झाल्यावर मामा म्हणाले, "दोघं गच्चीवर बोलून घ्या."

गच्चीवर माझा पतंग पडलेलाच होता, अन् शेजाऱ्याचा लाल पतंग वर लई मिजाशीत डोलत होता. मुलगा म्हणाला, "मी उडवतो, तुम्ही मांजाची चक्री धरा."

मी म्हणलं, "गच्ची आमची आहे. चक्री तुम्ही धरा."

लाल पतंग मी काटला. आम्ही दोघं एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की सगळे पळत वर आले. त्याच्या आईनं विचारलं, "झालं का बोलणं?"

तो मांजा गुंडाळत म्हणाला, "नाय. हिनं नुसती चक्री धरायला लावली. पण तू हो म्हणून टाक."